दिवा विझल्यावर पट्टा का सोडायचा नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या नोव्हेंबरात सगळ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर एअरबसच्या विमानांची बातमी होती. 28 नोव्हेंबर 2025 रोजी कंपनीने जाहीर केलं की, ए-320 प्रकारच्या विमानांतल्या एका संगणकाची माहिती सूर्याच्या तीव्र प्रारणांमुळे बिघडू शकते. जगभरातल्या सुमारे 6,000 विमानांचं सॉफ्टवेअर बदलावं लागणार होतं. आपल्या देशात अशी 338 विमानं निघाली. दोन दिवस धावपळ झाली, काही उड्डाणांना उशीर झाला, मग 'सर्व विमाने पूर्ववत' असं छापून आलं आणि विषय संपला.

माझ्या दृष्टीने तो संपलेला नाही. ज्या एका उड्डाणामुळे हे सगळं सुरू झालं, त्यात माणसं जखमी झाली होती. ती कशामुळे झाली आणि आपल्याकडच्या प्रवाशाने त्यातून काय घ्यायचं, हे मला कुठल्याच बातमीत नीट वाचायला मिळालं नाही. तेवढ्यासाठी, म्हणजे विमानात कमरेला बांधायच्या पट्ट्याबद्दल, हे पत्र लिहितो आहे. लांबलं आहे, पण कृपया पूर्ण वाचा.

मी परळीच्या औष्णिक वीजकेंद्रात नियंत्रण व उपकरण विभागात तंत्रज्ञ होतो. आता निवृत्त आहे. विमान चालवण्यातलं मला काही कळत नाही आणि तसा आवही आणणार नाही. पण मोजणारं उपकरण खोटं बोलायला लागलं की यंत्र काय करतं, हे मी आयुष्यभर जवळून पाहिलं आहे. बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी किती आहे हे डोळ्याने बघून बॉयलर चालवत नाहीत, ट्रान्समीटरच्या, म्हणजे मोजून आकडा पाठवणाऱ्या उपकरणाच्या, आकड्यावर चालवतात. पाणी खरंच कमी झालं तर नळ्या जळतात, जास्त झालं तर पाणी टर्बाइनकडे जातं. म्हणून तिथे एका ट्रान्समीटरवर विसंबत नाहीत. तीन बसवतात आणि दोघांचं जुळेल ते खरं धरतात. आमच्या भाषेत 'टू आउट ऑफ थ्री'. विमानातही हेच तत्त्व आहे, हे मी निवृत्तीनंतर चौकशीचे अहवाल वाचताना शिकलो. नातवाने मोबाइलवर ते काढून दिले आणि मला वाचायची गोडी लागली.

आधी त्या उड्डाणाबद्दल. 30 ऑक्टोबर 2025 रोजी जेटब्लू कंपनीचं ए-320 विमान मेक्सिकोतल्या कॅनकूनहून अमेरिकेतल्या नेवार्कला चाललं होतं. सुमारे 35,000 फुटांवर, ज्याला क्रूझ म्हणतात त्या सरळ, संथ टप्प्यात होतं. अचानक विमानाचं नाक आपोआप खाली झुकलं. वैमानिकाने तसं काही केलेलं नव्हतं. ऑटोपायलट चालूच होता, त्याने विमान सावरलं आणि गमावलेली उंची फारशी नव्हती. तरीही विमान फ्लोरिडातल्या टँपाला उतरवावं लागलं आणि किमान 15 जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. विमान शाबूत, इंजिनं शाबूत आणि माणसं रुग्णालयात. का, याचा विचार आपल्याकडे कुणी केला?

ज्या संगणकावर संशय आला त्याला एलॅक म्हणतात. शेपटीवरचे एलिव्हेटर आणि पंखांच्या टोकाकडचे एलेरॉन या हलत्या पृष्ठभागांना तो आज्ञा देतो. उंचावर हवेचं पांघरूण विरळ असतं, त्यामुळे अवकाशातून येणारे कण जमिनीपेक्षा कित्येक पटींनी जास्त आदळतात. असा एखादा कण मेमरीच्या चिपमधून गेला तर शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होऊ शकतो. हे संगणक बनवणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे आणि असे उलटलेले अंक पकडण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये करता येते. बहुतेक विमानांवर उपाय म्हणून आधीची जुनी आवृत्ती परत घातली गेली. काही जुन्या विमानांत मात्र संगणकच बदलावा लागणार होता. यावरून वाचकाने समजावं की दोष सूर्याचा नव्हता. सूर्य आजवर होता तिथेच आहे. नवी आवृत्ती त्याच्यासमोर कच्ची पडली.

आमच्या गावात मात्र चर्चा भलतीकडेच गेली. मोंढ्याजवळच्या हॉटेलात चहा पिताना एक जण म्हणाला, "उन्हाळ्यात इमानात बसूच नये." दुसऱ्याचं म्हणणं, संगणकाच्या हातात विमान देणंच चूक, पायलटला हाताने चालवू द्यावं. व्हॉट्सॲपवर तर सूर्यावरच्या वादळांची चित्रं आणि खाली 'शेअर करा'. या सगळ्यात कामाची गोष्ट एकही नव्हती. कामाची गोष्ट 2008 सालच्या एका घटनेच्या अहवालात आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

7 ऑक्टोबर 2008. क्वांटास कंपनीचं उड्डाण क्रमांक 72, विमान एअरबस ए-330, सिंगापूरहून ऑस्ट्रेलियातल्या पर्थला निघालेलं. आत 303 प्रवासी आणि 12 कर्मचारी. उंची 37,000 फूट, दुपारची वेळ, हवा शांत. कॅप्टन केव्हिन सुलिव्हन, पूर्वी अमेरिकी नौदलात लढाऊ विमानं चालवलेले. दुपारी 12 वाजून 40 मिनिटांनी ऑटोपायलट आपोआप सुटला आणि पडद्यावर इशाऱ्यांची रांग लागली. त्यात 'स्टॉल' आणि 'ओव्हरस्पीड' असे दोन्ही इशारे होते. म्हणजे एकाच वेळी विमान फार हळू चाललं आहे आणि फार जोरात चाललं आहे. कंट्रोल रूममध्ये काम केलेल्या माणसाला इथेच कळतं की यंत्र बरं आहे, मोजणारा कुणीतरी बिघडला आहे. सुलिव्हन यांनाही तशीच शंका आली आणि ते हाताने विमान चालवू लागले.

दोन मिनिटांनी, 12 वाजून 42 मिनिटांनी, विमानाचं नाक झटक्याने खाली गेलं. 8.4 अंश. कॅप्टननी स्टिक मागे ओढली तरी पहिले काही क्षण विमानाने ऐकलं नाही. 650 फूट खाली आल्यावर ते सावरलं. जवळजवळ तीन मिनिटांनी पुन्हा तसंच, या वेळी 400 फूट. त्यानंतर लर्मन्थ नावाच्या एका आडबाजूच्या विमानतळावर ते उतरवलं गेलं. 110 प्रवासी आणि 12 पैकी 9 कर्मचारी जखमी झाले होते. त्यांतल्या 12 जणांच्या जखमा गंभीर होत्या. छताचे प्लास्टिकचे पत्रे डोक्यांच्या धक्क्याने फुटले होते.

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा विभागाने, म्हणजे एटीएसबीने, तीन वर्षं तपास केला. मधल्या काळात त्यांनी प्राथमिक आणि अंतरिम अहवालही जाहीर केले आणि डिसेंबर 2011 मध्ये अंतिम अहवाल दिला. तो वाचताना मला आमच्या विभागातल्या जुन्या रात्रपाळ्या आठवल्या, इतका तो आमच्या कामाच्या भाषेत आहे.

त्या विमानात हवेचा वेग, उंची, विमानाची स्थिती वगैरे मोजून संगणकांना पुरवणारी तीन युनिटं होती. त्यांतलं एक बिघडलं. पण बिघडलं म्हणजे बंद पडलं नाही. बंद पडलेलं उपकरण बरं, ते लगेच कळतं. हे अधूनमधून चुकीचा आकडा पाठवायचं आणि तो बरोबर असल्याची खूणही सोबत लावायचं. समोरून येणाऱ्या हवेशी पंख किती अंशांत आहे, त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. क्रूझमध्ये तो दोन अंशांच्या आसपास असतो. हे युनिट मध्येच 50.6 अंश सांगायचं. तपासात दिसलं की तो आकडा आकाशातून पडलेला नव्हता. एका गोष्टीचा आकडा दुसऱ्याच गोष्टीच्या नावाखाली पाठवला जात होता. उंचीची संख्या कोनाचं लेबल लावून निघत होती. ट्रान्समीटरचा टॅग चुकला की काय अनर्थ होतो, हे आमच्या खात्यातला प्रत्येक जण जाणतो. इथे तो टॅग उडत्या विमानात, काही क्षणांपुरता, संगणकाच्या आत चुकत होता. असं का व्हायला लागलं, याची मूळ ठिणगी मात्र एवढा तपास करूनही सापडली नाही. अहवालात ते स्पष्ट लिहिलं आहे आणि मला त्यांचा तोच प्रामाणिकपणा भावला.

मग तीनपैकी दोन बरोबर असताना एका चुकीच्या आकड्याने विमान खाली कसं गेलं? इथे खरी मेख आहे. आकड्याने अशी उडी मारली की संगणक तो बाजूला टाकायचा आणि आधीचं चांगलं वाचन 1.2 सेकंद धरून ठेवायचा. उडी क्षणभराचीच असणार, तोवर ती ओसरेल, असा हिशेब. पण 1.2 सेकंदांची मुदत संपते त्याच क्षणी दुसरी उडी आली तर ती खरी धरली जायची. रचना करणाऱ्यांच्या लक्षात ही फट आली नव्हती. विमानात मुख्य संगणकही तीन होते, पण तिघांच्या डोक्यात तर्क एकच. मग तिघांनी तपासून उपयोग काय? संगणकाने प्रामाणिकपणे समजूत करून घेतली की विमानाचं नाक भलतंच वर गेलं आहे, आता ते स्टॉल होणार, म्हणजे पंखांना मिळणारी उचल तुटणार. त्याने ते वाचवण्यासाठी खाली दाबलं.

पायलटच्या हाती सगळं द्या म्हणणाऱ्यांना मी हे सांगेन की संगणकाचं हे संरक्षण काढून टाकलं तर अपघात वाढतील, कमी होणार नाहीत. ए-330 आणि ए-340 विमानांच्या 2 कोटी 80 लाखांहून अधिक उड्डाण-तासांत ही फट एकदाच उघडी पडली, असं त्याच अहवालात आहे. त्या एका घटनेनंतर वैमानिकांना सूचना गेली की असं दिसलं तर ते युनिट पूर्ण बंद करा. 27 डिसेंबर 2008 रोजी त्याच कंपनीच्या दुसऱ्या ए-330 मध्ये तसंच युनिट बिघडलं. पण वैमानिकांनी सूचनेप्रमाणे ते बंद केलं, विमान पर्थला परत आणलं आणि कुणाला ओरखडाही आला नाही. पुढे सॉफ्टवेअरही सुधारलं गेलं. मी स्वतः उद्या विमानात बसायला तयार आहे, हे सांगून ठेवतो, म्हणजे माझं पत्र भीती पसरवणारं आहे असं कुणी म्हणायला नको.

आता माणसांकडे वळतो, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे.

क्वांटासच्या त्या विमानाचं नाक खाली गेलं तेव्हा पट्ट्याचा दिवा, म्हणजे 'पट्टा बांधा' असं सांगणारा दिवा, विझलेला होता. हवा शांत, मग दिवा कशाला लावतील? साठाहून अधिक प्रवासी आपापल्या जागेवर बसलेले होते, पण पट्टा सोडून. काही जण उभे होते, काही स्वच्छतागृहाकडे गेलेले. जे उभे होते किंवा पट्ट्याशिवाय बसले होते, त्यांना दुखापती जास्त झाल्या आणि जास्त गंभीर झाल्या, असं अहवाल सांगतो. कर्मचाऱ्यांना कामासाठी उभं राहावंच लागतं, म्हणून 12 पैकी 9 जखमी.

आपल्याला वाटतं विमान खाली गेलं तर आपणही त्याच्याबरोबर खाली जाऊ. तसं होत नाही. त्या पहिल्या झटक्यात विमान जमिनीच्या ओढीपेक्षाही जास्त वेगाने खाली ओढलं गेलं. मोजणीत ते उणे 0.8 जी एवढं आलं. जी म्हणजे जमिनीच्या ओढीचं माप. माणूस मोकळा असेल तर तो जमिनीच्या ओढीनेच खाली येणार, त्याहून जोरात नाही. म्हणजे विमान त्याच्या खालून निघून जातं आणि छत त्याच्या डोक्यावर येऊन आदळतं. सगळं सेकंदाभरात. एसटीच्या शेवटच्या बाकड्यावर बसून ज्याने बीड रस्त्यावरचे गतिरोधक खाल्ले आहेत, त्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. फक्त एसटीत माणूस वीतभर उडतो आणि परत बाकावर येतो. विमान सावरलं की माणूस छतावरून खाली येतो तो कुणाच्या तरी अंगावर किंवा खुर्चीच्या हातावर. पहिल्यापेक्षा हा दुसरा मार अनेकदा वाईट असतो.

त्या अहवालातली आणखी एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. काही प्रवाशांनी पट्टा बांधला होता म्हणे, पण तो सैल होता. पट्टा सैल असेल तर बक्कल घसरत कुशीकडे, खुर्चीच्या हाताखाली जातं. माणूस वर उचलला गेला की बक्कलाची झडप त्या हाताच्या कडेला अडकून पट्टा आपोआप सुटू शकतो. तपास करणाऱ्यांनी ते करून पाहिलं आणि तसं होऊ शकतं असं नोंदवलं. तेव्हा पट्टा नुसता कमरेभोवती टाकून ठेवणं पुरेसं नाही. ओटीपोटाखाली, मांड्यांच्या सांध्याशी, एक बोट जाईल एवढा ताणून ठेवायला हवा. बक्कल समोर, मध्यभागी.

हे सगळं वाचलेलं असताना मी घरच्या मंडळींबरोबर चिकलठाण्याहून, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावरून, दिल्लीला गेलो. पुढे हरिद्वारला जायचं होतं. सोबत केज तालुक्यातल्या माझ्या मावशी होत्या, वय सत्तरीच्या पुढे, पहिलाच विमानप्रवास. विमान कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे सगळीकडेच चालत असणार. विमान वर गेलं, दिवा विझला आणि आमच्या आजूबाजूला बक्कलं सुटल्याचे खट खट आवाज झाले. पुढच्या रांगेत परभणीकडची एक मंडळी होती. त्यांचं तीन-चार वर्षांचं पोर खुर्चीवर उभं राहून मागे बघत होतं. आईने त्याच्या पायातले बूट काढून ठेवले, खुर्ची घाण होऊ नये म्हणून. एवढी काळजी घेणाऱ्या बाईला पट्ट्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

मावशीही सोडायला लागल्या. मी म्हणालो, राहू द्या. त्या म्हणाल्या, "आरं, समदे सोडूलालेत की. दिवा इझला म्हंजी सोडा म्हनूनच इझला ना?"

मावशींचा तर्क चुकीचा कसा म्हणायचा? सिग्नल हिरवा झाला की जायचं, दिवा विझला की सोडायचं. त्या दिव्याचा अर्थ एवढाच की गरज पडली तर उठायला हरकत नाही. बसलेले असाल तोवर पट्टा बांधूनच ठेवा, हे सांगितलं गेलं होतं. इंग्रजीत एकदा, हिंदीत एकदा. दोन्ही इतक्या घाईत की मला, जो त्याच वाक्याची वाट बघत होतो, ते जेमतेम ऐकू आलं. मराठीत काहीच नाही. आणि कारण कुठल्याच भाषेत नाही. मी मावशींना कारण सांगितलं, हवेत खड्डा लागतो आणि कधी यंत्रही चुकतं, तेव्हा माणूस छताला आपटतो. त्यांनी पट्टा दिल्ली येईपर्यंत सोडला नाही, उलट मलाच दोनदा विचारलं की माझा नीट आहे ना. आपली माणसं ऐकत नाहीत हे खोटं आहे. कारण कळलं की ती ऐकतात.

मला यात आपल्या भागाची एक वेगळी गोष्टही दिसते. विमान म्हटलं की मराठवाड्यातल्या माझ्या पिढीला 26 एप्रिल 1993 आठवतो. चिकलठाण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737 धावपट्टी संपल्यावर रस्त्यावरून चाललेल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. 118 जण होते, त्यांतले 55 गेले. तेव्हा या भागात ज्याच्या-त्याच्या तोंडी तोच ट्रक होता. जून 2025 मध्ये अहमदाबादला उड्डाणानंतर काही क्षणांतच विमान पडलं, तेव्हा तीच भीती पुन्हा ताजी झाली. म्हणून आपले लोक विमान जमीन सोडताना हात जोडतात, वैजनाथाचं नाव घेतात, पट्टा घट्ट धरतात. चाकं उचलली आणि विमान सरळ झालं की 'सुटलो' म्हणून मोकळे होतात. ही भीती खोटी नाही, तिच्यामागे मेलेली माणसं आहेत. पण मधल्या टप्प्याबद्दल आपल्या मनात काहीच नाही.

आणि मधल्या टप्प्यात धोका यंत्र चुकण्याचाच असतो असं नाही. ते फार क्वचित. हवेतले हेलकावे त्याहून पुष्कळ वेळा येतात. 21 मे 2024 रोजी सिंगापूर एअरलाइन्सचं लंडनहून सिंगापूरला निघालेलं विमान म्यानमारवर 37,000 फुटांवर असताना असंच हेलकावलं. एक प्रवासी दगावला, पुष्कळ जखमी झाले, विमान बँकॉकला उतरवलं. त्या वेळी 4.6 सेकंदांत विमानाची उंची 178 फुटांनी घटली होती. परळीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या ज्यांनी खालून मान वर करून पाहिल्या आहेत, त्यांना हे अंतर मुळीच मोठं वाटणार नाही. माणूस जायला तेवढं पुरलं. कारण हवा असो, संगणक असो की सूर्य, प्रवाशाच्या हातात उपाय एकच आहे आणि तो त्याच्या मांडीवर पडलेला असतो.

तेव्हा माझ्या काही मागण्या आहेत.

विमान कंपन्यांना विनंती की चिकलठाणा आणि नांदेडहून सुटणाऱ्या उड्डाणांत पट्ट्याची सूचना मराठीतून द्यावी. कर्मचाऱ्याला मराठी येत नसेल तर आधी ध्वनिमुद्रित करून ठेवावी, त्याला काही खर्च नाही. ती सुरुवातीच्या दहा सूचनांच्या गर्दीत नको. दिवा विझतो त्याच वेळी द्यावी, कारण हात बक्कलाकडे तेव्हाच जातो. आणि तिच्यात कारण असावं. 'आपल्या सुरक्षिततेसाठी' हे कारण नव्हे. ते वाक्य ऐकून ऐकून लोकांचे कान मेले आहेत.

आपल्या भागातल्या यात्रा कंपन्यांनाही सांगणं आहे. लातूर, बीड, नांदेडमधून काशी, केदारनाथ, अयोध्येच्या सहली आता विमानाने जातात. त्यांत निम्मे लोक पहिल्यांदा विमानात बसणारे असतात. विमानतळापर्यंतच्या बसमध्ये चार-पाच तास असतात आणि त्यात भजन होतं, अंताक्षरी होते, चहा-नाश्ता होतो. त्यातली दहा मिनिटं या गोष्टीला द्या. एखाद्या ट्रॅव्हल्सच्या गाडीतला पट्टा दाखवून भागणार नाही. विमानाचा पट्टा झडप उचलून सुटतो, मोटारीसारखं बटण दाबून नाही. म्हाताऱ्या माणसांची बोटं तिथेच गडबडतात. मावशींना सोडता येईना तेव्हा त्या घाबरल्या होत्या, हेही सांगितलं पाहिजे. पट्टा सुटणार नाही या भीतीने तो न बांधणारेही मी पाहिले आहेत. बसमध्येच एकदा सराव झाला तर ही भीती जाईल.

आणि आपल्याकडे, संपादक महोदय, एक मागणी. विमानाचा अपघात झाला की पहिले चार दिवस पानंच्या पानं भरतात. अंतिम अहवाल दोन-तीन वर्षांनी येतो, तेव्हा त्याला एका कॉलमचीही जागा मिळत नाही. क्वांटासच्या त्या अहवालात जे आहे ते मराठीत कुणी लिहिलं असतं तर परभणीच्या त्या बाईपर्यंत ते कधीतरी पोचलं असतं. जेटब्लूच्या घटनेचा तपास पूर्ण होईल तेव्हा तो आपल्या पानावर यावा. आपल्या देशातल्या चौकशांचे अहवालही यावेत, त्यांतली चूक कुणाचीही निघो. भाषांतराला तांत्रिक शब्द अडले तर आमच्यासारखी निवृत्त मंडळी परळीत, लातुरात, संभाजीनगरात पुष्कळ आहेत. बसून शब्द लावून देऊ, मानधन नको.

तोपर्यंत खालचा मजकूर एका चौकोनात छापावा. सुट्टीचे दिवस आणि यात्रांचा हंगाम सुरू होण्याआधी छापला तर बरं. मी तो मावशींना आणि शेजारच्या दोन-तीन जणांना वाचून दाखवला आहे, न कळणारे शब्द त्यांच्या सांगण्यावरून बदलले आहेत.

'विमानात पट्ट्याचा दिवा विझला तरी बसलेले असाल तोवर पट्टा बांधूनच ठेवा. दिवा विझणे म्हणजे गरजेपुरते उठायला परवानगी. पट्टा पोटावर नको, त्याखाली मांड्यांच्या सांध्याशी घ्या आणि ताणून ठेवा, सैल पट्टा झटक्यात सुटू शकतो. बक्कल समोर ठेवा. सोडताना वरची झडप उचला. लहान मुलांना खुर्चीवर उभे करू नका. मांडीवर बाळ असेल तर बाळाचा वेगळा पट्टा कर्मचाऱ्यांकडून मागून घ्या. झोपणार असाल तर पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा, म्हणजे तो बांधलेला दिसेल आणि तुम्हाला उठवावे लागणार नाही. शांत हवेतही विमान अचानक खाली जाऊ शकते आणि तेव्हा पट्टा बांधायला वेळ मिळत नाही.'

जागा कमी पडत असेल तर माझं पत्र हवं तसं कापा. हा मजकूर मात्र पूर्ण छापावा. यात्रा कंपन्यांना वाटण्यासाठी त्याच्या प्रती मी स्वखर्चाने छापून घेतो आहे. बीड आणि लातूर जिल्ह्यांतल्या ज्या आयोजकांना त्या हव्या असतील, त्यांनी आपल्या कार्यालयाकडे कळवलं तर मी तिथे आणून देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त उपकरण तंत्रज्ञ
परळी वैजनाथ, जि. बीड